टायर फिरवले आणि गाडी घुमायला लागली: डिचोलीच्या दादांना उत्तर

दादा, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा 'टायरवाल्यांचा दलाल' वाचून डोकंच सटकलं, दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं की शिवी सोडली तर माणूस बऱ्याच अंशी बरोबर बोलतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादांनी माझी 'दर 10 हजार किमीला टायर फिरवा' ही पोस्ट वाचून हॅचबॅकच्या टायरांचं रोटेशन, म्हणजे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे, पहिल्यांदाच केलं, 28 हजार किमीवर, आणि त्याच दिवसापासून गाडी साठच्या वर गेली की घूंऽऽ आवाज करते आणि डावीकडे ओढते. शिवाय त्यांचं म्हणणं, फिरवून रबर काय वाढत नाही, उलट चारही टायर एकदम संपतात आणि खिशाला एकदम चारचा फटका.

रबर वाढत नाही हे शंभर टक्के मान्य. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत इंजिनचं वजन पुढे, ओढायचं पुढच्यांनी, वळायचं पुढच्यांनी, ब्रेकचा जोरही जास्त पुढच्यांवर, म्हणून पुढचे लवकर घासतात आणि मागचे नुसते मागून येतात. फिरवलं की ती झीज चौघांत वाटली जाते, बस. ज्यांना दोन-दोन टायर घेणं परवडतं त्यांनी तसं करावं, त्यात पाप नाही.

आता आवाज. तो रोटेशनने तयार केलेला नाही, आधीपासून होता, फक्त तो मागे डिकीखाली होता आणि आता तुमच्या पायाशी आलाय. एक करा, गाडी बंद करून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि पुढच्या टायरच्या नक्षीवरून, खास करून कडेच्या ठोकळ्यांवरून, तळहात आधी एका दिशेने फिरवा, मग उलट. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीच्या दात्यांसारखं टोचलं तर समजा तेच. मागचे टायर एकाच जागी हजारो किमी फिरले की प्रत्येक ठोकळ्याची एक कड जास्त घासते, हवा कमी असेल किंवा अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेलं असेल तर आणखीच. मी स्वतः हात फिरवला तेव्हा बोटं काळीकुट्ट आणि वर बायकोची बोलणी, पण कारण सापडलं. दाते फार खोल नसतील तर पुढे हळूहळू घासून आवाज कमी होतो, खोल असतील तर टायर बदलेपर्यंत गाणं ऐकायचं.

म्हणजे चूक कुठे झाली तर माझ्या पोस्टमध्ये. मी सरसकट '10 हजारला फिरवा' लिहून मोकळा झालो. लिहायला हवं होतं की सुरुवातीपासून 8 ते 10 हजारला फिरवत आलात तरच मजा आहे, 28 हजारला जाग आली तर आधी पुढच्या-मागच्या टायरच्या नक्षीची खोली मोजा आणि बहुतेक वेळा सोडून द्या. कारण आवाजापेक्षा मोठी भानगड वेगळीच आहे, ती म्हणजे आपला गोव्यातला पाऊस.

तीन वर्षांपूर्वी मी दोन नवीन टायर घेतले, गॅरेजवाल्याने बिनधास्त पुढे बसवले, मीही मान डोलावली, पुढची चाकं ओढतात तर चांगले पुढेच हवेत ना! जूनच्या पहिल्या सरीत फोंड्याजवळच्या फर्मागुडीची उतरण उतरताना, रस्त्यावर तेल आणि तांबड्या मातीचा लगदा, वळणावर पाय नुसता ॲक्सिलरेटरवरून काढला आणि मागची बाजू माझ्या आधी फोंड्याला निघाली. समोरून कोणी नव्हतं म्हणून आज हे टाइप करतोय. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, आपण आपोआप वेग कमी करतो, बऱ्याचदा सावरता येतं. मागची घसरली तर गाडी फिरतेच, तुमच्या-माझ्यासारख्याला तिथे काही करायला वेळच मिळत नाही. म्हणून जास्त नक्षीवाले टायर मागे, गाडी कुठलीही असो.

आता ह्यात रोटेशनची गोम बघा. वेळेवर फिरवलं तर पुढच्या-मागच्या नक्षीत मिलिमीटरभराचा फरक, जास्त घासलेले मागे गेले तरी बिघडत नाही. उशिरा फिरवलं तर सगळ्यात घासलेले टायर मागे जाऊन बसतात, ते पण तुमच्यासारखे मे महिन्यात, ऐन पावसाच्या तोंडावर. माझा स्वतःचा हिशोब असा की फरक 2 मिमीच्या वर असेल तर हात लावायचा नाही, पुढचे संपवायचे, नवीन जोडी मागे टाकायची आणि मागचे पुढे आणायचे. कायद्याने 1.6 मिमीपर्यंत चालतं, खाचांतल्या त्या आडव्या पट्ट्यांशी नक्षी टेकली की संपलं, पण कोसळत्या पावसात तेवढी नक्षी पाणी काय कापणार, मी 3 वरच बदलतो.

डावीकडे ओढण्याचं म्हणाल तर आधी हवा बघा. पुढे-मागे वेगळी हवा लागणारी गाडी असेल तर टायर फिरवल्यावर पोऱ्या हवा बदलायला हमखास विसरतो. आणि आपले रस्ते पाणी वाहून जायला डावीकडे उतरते असतात, तेव्हा सपाट जागी तपासा. तरी ओढत असेल तर पुढच्या दोघांची डावी-उजवी अदलाबदल करून बघा, उजवीकडे ओढायला लागली तर दोष टायरचा, डावीकडेच राहिली तर अलाइनमेंट किंवा ब्रेक. पण त्याआधी साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाहेरच्या बाजूवर, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण आहे का बघा, बाणवाले टायर त्याच बाजूला फक्त पुढे-मागे होतात. चाकाचे नट हवेच्या गनने आवळले असतील तर पन्नास-शंभर किमीनंतर पान्ह्याने एकदा तपासून घ्या.

आणि हो, 28 हजार पाच वर्षांत म्हणालात, म्हणजे नक्षी शिल्लक असताना रबरच म्हातारं होईल. टायरच्या बाजूवर DOT (डीओटी) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख, 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. गाडी उन्हातच उभी असते ना? कडेला बारीक भेगा दिसल्या तर रोटेशनचा विषयच सोडा.

हात फिरवून टोचतं की नाही आणि मागे-पुढे नक्षी किती मिमी भरली तेवढं इथेच लिहा. आकडे बघून सांगतो, चवथीच्या आधी टायर परत जागेवर न्यायचे की तसेच ठेवायचे. जुन्या पोस्टमधली ती 10 हजारवाली ओळ आज रात्रीच बदलतो.