कोमट म्हणजे किती?

बायको पंधरा दिवसांसाठी नाशिकला बहिणीकडे गेली, तेव्हा फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवून गेली. इस्त्रीवाल्याचा हिशोब, तुळशीला पाणी, कचऱ्याचे दोन डबे. शेवटची ओळ होती, 'रोज रात्री कोमट दुधात विरजण लावणे.' मी बँकेत तीस वर्षं काढली आहेत. परिपत्रकात गोम कुठे आहे, ते मला वासावरून कळतं. तरी त्या ओळीतला 'कोमट' माझ्या नजरेतून सुटला.

निघताना दारात तिने पुन्हा बजावलं, "अहो, विरजण जपा. सासूबाईंच्या हातचं आहे ते." आम्ही पुण्यात बिऱ्हाड केलं तेव्हा आईने साताऱ्याहून छोट्या बरणीत ते दिलं होतं. चोवीस वर्षं त्याच दह्यातून पुढचं दही लागत आलंय, असं आमच्या घरी आल्यागेल्याला सांगितलं जातं. थोडक्यात, फ्रिजमध्ये एक राजघराणं होतं आणि त्याचा कारभार माझ्याकडे आला होता.

ते मी एका रात्रीत बुडवलं.

दूध तापवलं, थोडं उतू घालवलं, पाच मिनिटं थांबलो आणि वाटीतलं होतं नव्हतं तेवढं विरजण त्यात घालून ढवळलं. कमी पडायला नको! सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं. तळाशी विरजणाचे चार कण, निकाल लागल्यावरच्या अपक्ष उमेदवारांसारखे.

चिरंजीव बारावी सायन्सला आहेत. त्यांनी पातेल्यात डोकावून पंचनामा केला. "बाबा, दूध पाश्चराइज करतात तेव्हा ६३ अंशांवर अर्धा तास नाहीतर ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात, त्यातले जंतू मरावेत म्हणून. तुमचं दूध ८०च्या पुढे असणार." म्हणजे मी विरजण लावलं नव्हतं, विरजणाचं पाश्चरीकरण केलं होतं. दूध आंबवतात ते जिवंत सूक्ष्मजीव, हे १८५७ साली लुई पाश्चरनेच मांडलं आणि पुढे त्यांच्या निर्वंशाची सोयही त्यानेच करून ठेवली. माणूस दोन्हीकडून खेळला.

दही कसं लागतं, हेही मला त्या सकाळी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळलं. दुधात केसीन या प्रथिनाचे बारीक गोळे तरंगत असतात. सगळ्यांवर ऋण विद्युतभार, त्यामुळे ते एकमेकांपासून फटकून असतात, आमच्या सोसायटीच्या सभासदांसारखे. जंतू दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. आम्लाने तो भार उतरत जातो. दुधाचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आंबट) ६.६च्या आसपास असतो, तो ४.६च्या आसपास आला की गोळ्यांचा सगळा दुरावा संपतो आणि ते एकमेकांना घट्ट धरून बसतात. आमच्या सोसायटीत हे कशाने होईल, सांगता येत नाही.

विकतचा डबा आणता आला असता. पण डब्यातल्या दह्याचं घराणं कोणतं? म्हणून संध्याकाळी वाटी घेऊन समोरच्या काकूंकडे गेलो.

"या वेळेला?" काकूंनी आधी खिडकीबाहेरचा अंधार पाहिला, मग माझी वाटी. "दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत हो. पण तुमच्यावर वेळ आलीय, तर न्या."

मी अपराधी स्वरात साताऱ्याच्या घराण्याची हकिगत सांगितली. काकू हसू दाबत म्हणाल्या, "साताऱ्याचं? अहो, वहिनी गणपतीत माझ्याकडूनच घेऊन गेल्या. त्याआधी मे महिन्यात. गेल्या वर्षी तर तीनदा."

चोवीस वर्षांचा इतिहास जिन्यातच कोसळला. पण मी कुणाला सांगणार नव्हतो. असं गुपित संसारात आणीबाणीला उपयोगी पडतं.

दुसऱ्या रात्री मी शास्त्रीय मार्गाने गेलो. करोनात घेतलेली, कपाळावर रोखायची थर्मामीटरची बंदूक कपाटात होती. ती पातेल्याला बाहेरून रोखली, तर 'लो'. इतकं वाफाळलेलं दूध आणि लो? चकचकीत स्टील स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, समोरच्याचीच परत फेकतं, हे चिरंजीवांनी मोबाइलवरून मान न उचलता सांगितलं. मग वरून, दुधावर रोखली. आमच्या बंदुकीत ४३च्या वर आकडा येत नाही, नुसतं इंग्रजीत 'हाय' येतं. अर्धा तास मी दर दोन मिनिटांनी बंदूक रोखत होतो आणि दूध मला हाय म्हणत होतं. शेवटी ४१.८ आले. तेवढ्या घाईत विरजण घातलं, झाकण ठेवलं आणि विजयी मुद्रेने झोपलो.

पण डिसेंबर होता. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि पहाटे पुण्यात चांगलंच गारठलं होतं. हे जंतू चाळिशीच्या आसपास जोमात असतात. गारठ्यात तेही आपल्यासारखेच अंग चोरतात. सकाळी पातेल्यात जे होतं ते धड दूधही नव्हतं, धड दहीही नव्हतं. थोडी ऊब मिळाली तर उरलेलं काम करतील, असा माणुसकीचा विचार करून मी पातेलं मंद गॅसवर ठेवलं. आंबूस झालेल्या दुधाला आच लागली की काय होतं, ते दोन मिनिटांत दिसलं. चोथा एकीकडे, पाणी एकीकडे.

"पनीर झालं म्हणायचं," चिरंजीव म्हणाले आणि मीठमिरी भुरभुरून खाल्लंनसुद्धा.

शेवटी साताऱ्याला फोन लावला. आईला बंदुकीचं सांगितलं, तर ती बराच वेळ हसत होती. "अरे बाळा, करंगळी बुडव. चटका बसता कामा नये आणि ऊब कळली पाहिजे. झालं. त्याला बंदूक कशाला?"

काकूंकडून दुसरी वाटी आणली. त्या दिवशी जेवायला पिठलं होतं, म्हणून मी खलबत्त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता. हात दोनदा साबणाने धुतले होते. रात्री दुधात करंगळी घातली आणि हाय हाय करत बाहेर काढली. वीस मिनिटांनी पुन्हा घातली, तरी चटका. फुंकर घातली, पातेलं पाण्यात ठेवलं, पुन्हा बोट, पुन्हा चटका. अकरा वाजता एकदाचं बोट शांत झालं तेव्हा विरजण लावलं. सकाळी पातेल्यात थंडगार, पांढरंशुभ्र, आदल्या रात्रीचं दूध.

या खेपेला चिरंजीव खरोखर खूश झाले, कारण प्रश्न त्यांच्या अभ्यासाच्या बाहेरचा होता. आपल्या कातडीतल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही१ नावाचं एक बारीक दार असतं. साधारण ४३ अंशांच्या पुढे ते उघडतं आणि मेंदूला चटक्याची तार जाते. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं तेच दार ढकलतं, म्हणून तिखट आपल्याला 'जळजळतं'. आणि मिरचीने दार किलकिलं करून ठेवलं असेल, तर साधं कोमटही पोळतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. हाताला आधी तेल चोळायला हवं होतं. हे दार शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं.

मी पातेल्याकडे बघत बसलो. चटका बसत नाही म्हणजे ४३च्या आत, आणि ऊब लागते म्हणजे बोटाहून गरम. जंतूंना हवं ते तापमान नेमकं या दोहोंच्या मधलं! दोन हजारांची बंदूक मला हाय म्हणत होती, आणि हाच हिशोब आईने करंगळीच्या टोकावर ठेवला होता.

तिला लगेच फोन करून नोबेलचं सांगितलं. ती म्हणाली, "चटका बसतो हे कळायला बक्षीस? मग आमच्या पिढीला किती द्यायला हवीत." आणि पुढे, "पातेलं तांदळाच्या डब्यात ठेव. गार लागणार नाही."

चौथ्या खेपेला काकूंनी वाटी भरून दाराजवळच ठेवली होती. मी डाव्या हाताची करंगळी वापरली, जी दिवसभर मिरचीपासून लांब, जवळजवळ सोवळ्यात होती. पातेल्याला बायकोची शाल गुंडाळली आणि ते तांदळाच्या डब्यात गळ्यापर्यंत रोवलं. रात्री दोनदा उठून डब्याला हात लावून आलो. मुलगा तान्हा असताना इतका उठलो नव्हतो, असं बायको नक्की म्हणाली असती.

रविवारी सकाळी झाकण उघडलं. पातेलं कलतं केलं तरी दही हललं नाही. वर सायीचा जाड थर, चमचा घातला की स्वच्छ कापली जाणारी कवडी, आणि चव अदमुरी, आंबटपणाची नुसती चाहूल. साताऱ्याला फोटो गेला, नाशिकला गेला, बँकेच्या ग्रुपवरही गेला. दुपारी थालिपीठं केली. बापलेकांनी आधी वाडग्यातून खाल्लं, मग पातेल्यातून, मग चिरंजीवांनी कडेला लागलेलं बोटाने निपटून घेतलं आणि मी पातेलं घासून पालथं घातलं.

दुपारी छान झोप लागली. उठलो तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. रात्रीसाठी दूध गॅसवर ठेवलं, फ्रिज उघडला आणि विरजणाची वाटी शोधू लागलो.

"बाबा," मागून आवाज आला, "आपण सगळं खाल्लं ना?"

मी गॅस बंद केला, घासलेली वाटी घेतली, आणि काकूंकडे दिवा लागलाय का ते दाराच्या भिंगातून बघितलं.