सांडलं आणि वाचलं

आमच्या घरात दोन वॉशिंग मशीन आहेत. एक फुली ऑटोमॅटिक, ती बायकोची. दुसरी १९९३ची, दोन टबांची सेमी ऑटोमॅटिक, ती आईची. दुसरी बंद पडून अकरा वर्षं झाली, पण भंगारवाल्याने बेल वाजवली की आई आधी बाल्कनीत जाऊन उभी राहते, त्यामुळे ती टिकून आहे. मधल्या काळात तिच्यावर कांद्यांची टोपली, दोन छत्र्या आणि मुका झालेला टेपरेकॉर्डर यांनी संसार थाटला.

या उन्हाळ्यात सोसायटीने पाणी एकवेळ केलं. सकाळी पेपरात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे आकडे वाचून झाल्यावर आईने ऑटोमॅटिककडे बघत निकाल दिला, "ही बया फेसाचं पाणी एकदाच वापरते आणि सोडून देते."

आईचं माहेर माणदेशातलं. बहात्तरचा दुष्काळ तिने डोळ्यांनी पाहिलेला. पाणी एकदा वापरलं म्हणजे ते वापरायला सुरुवात झाली, एवढंच ती मानते. जुन्या मशीनमध्ये तिची पद्धत ठरलेली होती. टब एकदा भरला की त्याच फेसात आधी पांढरे, मग रंगीत, मग चादरी, शेवटी पायपुसणी. त्यानंतर जे काळं पाणी उरेल त्याने मोरी घासायची. सेमी ऑटोमॅटिकला स्वतःची अक्कल नसते म्हणून हे जमतं. आपण ड्रेनचा नॉब फिरवेपर्यंत ती पाणी धरून बसते. ऑटोमॅटिकचं सगळं आधीच ठरलेलं असतं, तिथे सासूबाईंना कोण विचारतो? (हे वाक्य बायकोने वाचायच्या आत खोडायचं आहे.)

मला वाटलं होतं ही आयडिया फक्त माणदेशातली. पण १९५०च्या दशकात अमेरिकेतही अशी मशीन मिळायची. फेसाचं पाणी ती पंपाने शेजारच्या सिंकमध्ये काढून ठेवायची आणि पुढच्या घाण्याला परत ओढून घ्यायची. सड्स सेव्हर म्हणायचे तिला. हे मी आईला फार कौतुकाने सांगितलं.

"पंप कशाला? बादल्या नव्हत्या का त्यांच्याकडे?"

तर मशीन दुरुस्त करायची ठरली. कंपनीच्या हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, "सर, हे मॉडेल सिस्टिममध्ये दिसत नाहीये." मी म्हटलं, "मला समोर दिसतंय." तिने मला रेटिंग द्यायला सांगून फोन ठेवला. मग कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली, कांदे कुठून आणता विचारलं, दोनशे रुपये व्हिजिटचे घेतले आणि नवीन घ्यायचा सल्ला देऊन गेला. शेवटी मीच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. माझा अनुभव सांगायचा तर मी विमा कंपनीत नोकरीला आहे.

मागचं पत्र्याचं झाकण काढलं तर आत चिचुंद्रीचं सोडलेलं घर. सुतळी, पेपराचा भुगा आणि माझा एक मोजा. वायरी तिने चवीपुरत्या कुरतडल्या होत्या. त्या जोडून, टेप गुंडाळून बटण दाबलं. मशीन म्हणाली, "हूंऽऽ". फिरली मात्र नाही. नुसतीच हूं. टबाच्या तळाचा पंखा हाताने उजवीकडे ढकलला की उजवीकडे फिरायची, डावीकडे ढकलला की डावीकडे. बायको दारातून म्हणाली, "ओळखीचं वाटतंय."

अशी लक्षणं म्हणजे कंडेन्सर गेला, हे मला दोन रात्री व्हिडिओ बघून कळलं. या मोटरची दोन्ही वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, अगदी सारखी असतात. टायमर कंडेन्सरला आलटून पालटून कधी हिच्याबरोबर जोडतो, कधी तिच्याबरोबर, म्हणून पंखा एकदा इकडे, एकदा तिकडे फिरतो. कंडेन्सर मेला की मोटरला सुरुवातच करता येत नाही. मी तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात गेलो.

"वॉशिंग मशीनचा कंडेन्सर द्या."

"कितीचा?"

"त्र्याण्णवचा."

दुकानदाराने चष्मा कपाळावर नेला. "मायक्रोफॅरड विचारतोय मी."

दुसऱ्या दिवशी जुना कंडेन्सरच खिशात घालून नेला. त्याच्यावर छापलेलं वाचून दुकानदाराने पाच मिनिटांत नवा काढून दिला आणि म्हणाला, "सीलही बदला. सुकलं असणार." हे वाक्य मी तेव्हा मनावर घ्यायला हवं होतं.

पंख्याचा मधला स्क्रू गंजून शाफ्टशी एकजीव झाला होता. गंज सोडवायचा स्प्रे मारला, रात्रभर ठेवला, सकाळी जोर लावला तर स्क्रूच्या डोक्याची खाचच गेली. मग छिन्नी आणि हातोडी. खालच्या मजल्यावरून फोन आला, काम रीतसर परवानगी घेऊन चालू आहे ना? स्क्रू निघाल्यावर पंख्याखाली दोन बाजूंनी सुतळी अडकवली, एक टोक मी आणि एक बायकोने धरून विहिरीतून बादली काढावी तसा तो वर ओढला. तळाशी साबणाचा थर साचला होता, पातेल्याच्या बुडाला खरपुडी धरते तसा. त्यात सहा सेफ्टी पिना, शाळेच्या शर्टाची बटणं, एक चार आणे आणि पाच रुपयांचं जुनं जाडजूड नाणं. या पाच रुपयांसाठी १९९६ साली माझ्या धाकट्या भावाने मार खाल्लाय. मी लगेच त्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "व्याजासकट पाठव."

खरा छळ पुढे. मशीन गळते की नाही हे पाणी भरल्याशिवाय कळत नाही, आणि टब भरायला तीन बादल्या लागतात. पहिल्या वेळी जुन्या सीलने शाफ्टच्या भोवतीने सगळं पाणी बाल्कनीत सोडलं. नवं सील बसवलं, तर ड्रेनच्या रबराखाली बटणाचा तुकडा अडकलेला, त्यामुळे नळीवाटे संथ धार. तो काढला, तर ड्रायरच्या तळाचं रबर चिरलेलं. पाणी वाचवणारी मशीन दुरुस्त करायला मी पाणी ओततोय हे आईच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तिने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रेघ मारून दोन रकाने पाडले, सांडलं आणि वाचलं. तिसऱ्या वेळेपासून मशीनखाली परात, दोन पातेली आणि इडलीपात्राचा खालचा भाग लावून ती स्वतः समोर स्टुलावर बसली.

"साबण घालू नकोस हं. म्हणजे हे कुंड्यांना जाईल."

मी चिडून म्हटलं, "अगं, धरणातलं एक टीएमसी पाणी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. तिथे आपल्या तीन बादल्यांनी काय होणार?" ती पातेलं बदलत म्हणाली, "मग म्हणावं त्या टीएमसीला, ये आमच्या तिसऱ्या मजल्यावर." दुपारी मी गुपचूप हिशेब केला. एका टीएमसीत आमच्या मशीनचे जवळपास ६३ कोटी टब भरतात.

आठव्या वेळी एक थेंब गळला नाही. आईने परातीत बोट फिरवून खात्री केली. मग पांढरे कपडे टाकले, टायमर पंधरावर नेला, आणि अकरा वर्षांनी बाल्कनीत ते टिकटिक सुरू झालं. इकडे फिर, थांब, तिकडे फिर. ड्रायर पहिल्याच फेरीत थडथडत दारापर्यंत चालत आला, तेव्हा आई न गडबडता त्याच्या झाकणावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली, जशी ती मी चौथीत असताना उभी राहायची. पांढरे झाले, रंगीत झाले, चादरी झाल्या, पायपुसणी झाली. पाणी एकच.

संध्याकाळी तिने मला कॅलेंडर दाखवलं. सात वेळा तीन, एकवीस बादल्या. त्यातल्या आठ परातीने वाचवून कुंड्यांना गेल्या. आज चार घाणे एका पाण्यात निघाले, म्हणजे नऊ वाचल्या.

"चार बादल्या अजून बाकी आहेत."

"पुढच्या रविवारी फिटतील की."

"रविवारचं रविवारी. तू अंघोळीला भरलेली बादली घेतोस. उद्यापासून अर्धी. आठ दिवसांत फिटतात."

आज सहावा दिवस आहे.