इलेक्ट्रॉनिक ट्रिगर म्हणजे सगळ्यावरचा इलाज नव्हे

इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट रायफल (मोटरवर चालणारी, प्लास्टिकचे छर्रे मारणारी खेळातली बंदूक) हातात आली की एक सल्ला हमखास कानावर येतो: ‘इलेक्ट्रॉनिक ट्रिगर टाक. मारा जलद होतो, छर्‍याचा वेग वाढतो, गिअरबॉक्स टिकतो, ११.१ व्होल्टची बॅटरी बिनधास्त चालते, फ्यूज काढून टाकता येतो. अर्ध्या तासाचं काम आहे.’ हा दावा इतका फिरलाय की नवे खेळाडू तो तपासायच्या भानगडीत पडत नाहीत आणि मग पिस्टनचे दात नाहीतर बॅटरी गमावून बसतात. मी या स्विचच्या बाजूचाच आहे. म्हणूनच त्याच्या नावावर नसलेले गुण खपवलेले मला खटकतात.

तो नेमकं काय करतो ते आधी पाहू. या रायफलीत मोटर गिअर फिरवून पिस्टन मागे ओढते आणि स्प्रिंग दाबते; पिस्टन सुटला की हवेच्या दाबाने छर्रा बाहेर पडतो. साध्या रायफलीत मोटरचा सगळा प्रवाह चापामागच्या तांब्याच्या कॉन्टॅक्टमधून जातो. मोटरच्या गुंडाळीतला प्रवाह एका झटक्यात थांबत नाही, त्यामुळे चाप सोडताना कॉन्टॅक्ट विलग झाले की ठिणगी उडते. अशा हजारो ठिणग्यांनी तांबं काळं पडतं, त्यावर खड्डे पडतात आणि एक दिवस चाप ओढला तरी रायफल गप्प राहते. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा सगळ्यात साधा प्रकार म्हणजे मॉसफेट, स्विचचं काम करणारी एक चिप. तो लावला की चापातून फक्त इशार्‍यापुरता नगण्य प्रवाह जातो आणि मोटरचा भार ती चिप उचलते. त्यापुढची पायरी म्हणजे पूर्ण ट्रिगर युनिट. त्यात सेन्सर सेक्टर गिअरची (पिस्टन मागे ओढणाऱ्या गिअरची) किंवा कट-ऑफ लिव्हरची (सिंगल शॉटनंतर चापाची जोडणी तोडणाऱ्या दांडीची) स्थिती पाहतो आणि एक फेरी पुरी झाल्याशिवाय मोटर थांबवत नाही. सिंगल शॉटवर रायफल अर्ध्यात अडकून बसण्याचा त्रास यामुळे खरोखरच जातो. हे दोन फायदे पक्के आहेत.

आता ‘मारा जलद होतो’ हे घ्या. काजळी धरलेल्या कॉन्टॅक्टचा रोध २० मिलिओहम धरू आणि चालत्या मोटरचा प्रवाह २० अँपिअर. तिथे ०.४ व्होल्ट वाया जातात. चांगल्या मॉसफेटचा रोध २ मिलिओहमच्या आसपास असतो, म्हणजे नुकसान ०.०४ व्होल्ट. ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर हा फरक साडेतीन टक्क्यांच्या आत येतो, तोही जुना कॉन्टॅक्ट खराब असेल तर. नवा, स्वच्छ कॉन्टॅक्ट असेल तर कानाला फरक कळणारही नाही. मग लोकांना तो का जाणवतो? कारण त्याच बैठकीत ते बारीक तारा काढून जाड तारा घालतात, छोटा तामिया कनेक्टर काढून कमी रोधाचा डीन्स कनेक्टर लावतात आणि बहुतेक वेळा बॅटरीही बदलतात. वाढ तिथून येते, श्रेय मॉसफेटला मिळतं. चाप हलका आणि आखूड झाल्याने सिंगल शॉट पटापट मारता येतात हे खरं, पण मोटर त्यामुळे जास्त वेगाने फिरत नाही.

छर्‍याच्या वेगाबद्दलचा दावा तर सरळ चुकीचा आहे. वेग ठरतो तो स्प्रिंगची ताकद, सिलिंडरमधली हवा, नळीची लांबी आणि हवा कुठे गळते यांवर. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा १ ज्यूल भरते, आणि ती स्प्रिंगमधून येते. मोटर स्प्रिंग मागे ओढते एवढंच. ती कुठल्या स्विचने सुरू झाली याचा छर्‍याशी काही संबंध नाही.

‘गिअरबॉक्स टिकतो’ यात अर्धं सत्य आहे. टिकतो तो कॉन्टॅक्ट. फिरणार्‍या भागांवरचा ताण बहुधा वाढतोच, कारण कॉन्टॅक्ट जळायची भीती गेली की माणूस तगडी बॅटरी लावतो. माऱ्याची गती स्प्रिंगच्या मानाने फार वाढली की पिस्टन पुढे पोचायच्या आत सेक्टर गिअरचा पहिला दात त्याला येऊन धडकतो आणि पिस्टनचे दात सोलून निघतात. हे साधा मॉसफेट रोखू शकत नाही. अ‍ॅक्टिव्ह ब्रेकचंही तसंच. चाप सोडल्यावर मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून तिला जागीच थांबवतात. हलकी स्प्रिंग आणि वेगवान मोटर असेल तर एका चापात दोन छर्रे जाऊ नयेत म्हणून हे उपयोगी पडतं, पण त्याची किंमत मोटर तापण्यात आणि ब्रश झिजण्यात मोजावी लागते. कडक स्प्रिंग असेल तर ती स्वतःच गिअर थोपवते. तिथे ब्रेक बंदच ठेवावा. प्री-कॉकिंगमध्ये, म्हणजे पुढच्या शॉटसाठी पिस्टन आधीच मागे ओढून ठेवण्याच्या सोयीत, स्प्रिंग दाबलेली राहते आणि तिचा सगळा भार अँटी-रिव्हर्सल लॅचवर (गिअर उलटे फिरू न देणाऱ्या खिटीवर) असतो. रायफल ठेवून देताना स्प्रिंग मोकळी केली नाही तर ती हळूहळू ढिली पडते. आणि तशाच अवस्थेत गिअरबॉक्स उघडला तर तुकडे तोंडावर उडतात.

बॅटरीबाबत ‘बिनधास्त’ हा शब्दच धोक्याचा आहे. ११.१ व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट देते. ११०० एमएएच आणि २०सी (क्षमतेच्या वीसपट प्रवाह) लिहिलेली बॅटरी कागदावर २२ अँपिअर देऊ शकते, आणि लेबलवरचे आकडे बर्‍याचदा उदार असतात. मोटर सुरू होताना याहून जास्त मागते. चिप तो प्रवाह सहज सोसेल, बॅटरी सोसेलच असं नाही. शिवाय साध्या मॉसफेटला बॅटरी किती उतरली हे कळत नाही. एखादा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की तो कायमचा बिघडू शकतो, आणि फुगलेली लिपो पुन्हा चार्ज करणं म्हणजे आगीला निमंत्रण. कमी व्होल्टेजला मोटर बंद करणारं युनिट असेल तरच या बाबतीत थोडं निर्धास्त राहता येईल, तेही त्यात सेलची संख्या बरोबर भरली असेल तर.

फ्यूज काढण्याचा सल्ला मात्र या सगळ्यांत घातक आहे. युनिटमधला ‘स्मार्ट फ्यूज’ म्हणजे वेगळा कुठला भाग नसतो. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की प्रोसेसर मॉसफेटला बंद व्हायला सांगतो, एवढंच. पण मॉसफेट जळतो तेव्हा तो बहुतेक वेळा तुटत नाही, आतून जोडलेलाच राहतो. मग त्याला बंद व्हायला सांगून उपयोग काय? चाप सोडला तरी रायफल मारतच राहते. गिअर अडकलेले असतील तर मोटर जागेवरच प्रचंड प्रवाह ओढते आणि तारांचं प्लास्टिक वितळायला लागतं. युनिटच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला तार सोलली गेली तर तो शॉर्ट स्मार्ट फ्यूजला दिसतसुद्धा नाही. या दोन्ही ठिकाणी बॅटरीजवळचा साधा, वितळणारा फ्यूजच कामी येतो. त्याचीही मर्यादा आहे. मोकळी फिरणारी मोटर १५-२० अँपिअर घेत असेल तर २५ अँपिअरचा फ्यूज उडणार नाही आणि रायफल चालूच राहील. तेव्हा नळी सुरक्षित दिशेला धरून बॅटरी उपटणं हा एकच उपाय उरतो. म्हणून कनेक्टर हाताला पटकन लागेल असाच ठेवायचा, आणि खेळ संपला की बॅटरी काढायचीच. सेफ्टीवर ठेवलेली रायफल आणि बॅटरी काढलेली रायफल यांत फार अंतर आहे.

राहिलं अर्ध्या तासाचं काम. ज्याने गिअरबॉक्स अनेकदा उघडलाय त्याला ते जमेलही. पहिल्यांदा उघडणार्‍याचा लॅचचा स्प्रिंग कुठेतरी उडतो, शिम (गिअरला लावायची पातळ चकती) कुठल्या गिअरवर कोणता होता ते आठवत नाही, आणि कवच मिटताना तार कडेला चिमटते. पण मॉसफेटचा बोर्ड जळतो तो बहुतेकदा बॅटरीच्या उलट जोडणीने. मॉसफेटच्या रचनेतच उलट दिशेला वाहू देणारा एक डायोड असतो, आणि मोटरच्या टोकांना झटका शोषायला दुसरा डायोड जोडलेला असतो. बॅटरी उलटी लागली की हे दोन्ही डायोड एका ओळीत उघडतात आणि बॅटरीला मोटर वगळून सरळ वाट मिळते. चाप ओढण्याचीही गरज पडत नाही. बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटरने लाल तार खरोखर धन टोकावर आहे का हे तपासायला मिनिटभर लागतं. बोर्डाची खालची बाजू धातूच्या कवचाला टेकत नाही ना, हे पाहायला आणखी थोडं. पहिली चाचणी स्प्रिंग आणि पिस्टन न घालता, एक हात कनेक्टरवर ठेवून घ्या.