१९ मिमीचा हट्ट सोडा, पट्टी उभी करा

"छोटी रेल्वे मांडायची तर १९ मिमीचा मरीन प्लायच घ्या. आठ बाय चारची अख्खी शीट, मधे सांधा नको. एवढ्या जाड प्लायला खाली चौकट लागत नाही. मरीन पावसाळ्यात वाकत नाही. परवडत नसेल तर एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंची दाबून केलेली शीट) घ्या, नाहीतर परदेशातून तयार बेसबोर्ड (रूळ बसवायचा तक्ता) मागवा, कारण आपल्या बाजारात धड प्लाय मिळत नाही."

मॉडेल रेल्वेच्या मंडळींत हा सल्ला इतक्यांदा पुढे गेलाय की नवख्याला तो नियमच वाटतो. गेल्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाच्या वडिलांनी मला तो दाखवला. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून आल्यापासून मुलगा रूळ मागत होता. वडील म्हणाले, "एवढा खर्च असेल तर पुढच्या वर्षी बघू." मला फार वाईट वाटलं, कारण या सल्ल्यातला जवळपास प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे.

आधी जाडीचं बघू, कारण बाकीचा घोळ तिथूनच सुरू होतो. शाळेतली लाकडी फूटपट्टी आडवी धरून दाबा, वाकते. तीच कडेवर उभी धरून दाबा, ढिम्म हलत नाही. लाकूड तेवढंच, फक्त उंची बदलली. वाकण्याला होणारा विरोध रुंदीच्या पटीत वाढतो, पण उंचीच्या घनाच्या पटीत वाढतो. आता हे आकड्यांत मांडू. ६०० मिमी रुंदीचा १९ मिमी प्लाय आडवा ठेवला तर १९ चा घन गुणिले ६००, भागिले १२, म्हणजे सुमारे ३ लाख ४३ हजार. ९ मिमी प्लायची ७५ मिमी उंचीची एकच पट्टी उभी केली तर ७५ चा घन गुणिले ९, भागिले १२, म्हणजे सुमारे ३ लाख १६ हजार. चार बोटं रुंदीची एक पट्टी दोन फूट रुंद जाडजूड फळीची बरोबरी करत आली! अशा दोन पट्ट्या लावल्या की फळी कुठल्या कुठे मागे पडते. थरांच्या रेषा कोणत्या दिशेला आहेत त्यानुसार हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण निष्कर्ष बदलत नाही. म्हणून "जाड प्लायला चौकट लागत नाही" हे वाक्य उलटं वाचा: चौकट असेल तर जाड प्लाय लागत नाही. एचओ किंवा एन या मॉडेल रेल्वेच्या छोट्या मापांच्या गाड्यांना दर ४०० मिमीवर आडवी पट्टी असलेल्या चौकटीवर ९ मिमी पुरतो. चौकट न घातलेला १९ मिमीचा तक्ता मात्र चार कोपऱ्यांच्या पायांवर ठेवलात तर हळूहळू मधे बसतो, आणि मग उतारावर डबे आपोआप घरंगळायला लागतात.

वजनही बघा. प्लाय घनमीटरला ६५० किलो धरला तर १९ मिमीची अख्खी शीट ३७ किलोच्या आसपास जाते. चार फूट बाय दोन फुटांचा ९ मिमीचा बोर्ड चौकटीसकट साडेसहा किलो होतो. तो सातवीतला मुलगाही उचलेल.

मरीनबद्दलचा गैरसमज जास्त खोल आहे, कारण त्यात अर्धं खरं आहे. आपल्याकडे साध्या प्लायला आयएस ३०३ हे मानक आहे, त्यात एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे दोन प्रकार येतात. मरीनचं मानक आयएस ७१०. एमआरमध्ये थर युरिया फॉर्मल्डिहाइडने चिकटवलेले असतात, बीडब्ल्यूआर आणि मरीनमध्ये सहसा फिनॉल फॉर्मल्डिहाइडने. मरीनमध्ये लाकडाची निवड आणि किडीविरुद्धची प्रक्रियाही कडक असते. पण शीटवरचा 'मरीन' हा ठसा मुख्यतः एवढंच सांगतो की पाण्यात थर सुटणार नाहीत. लाकूड हवेतला ओलावा ओढणार नाही असं तो कुठेच सांगत नाही. तुमची रेल्वे पाण्यात बुडणार नसते, ती जुलैच्या दमट हवेत उभी राहणार असते. बोर्ड वाकतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: वरच्या बाजूला रंग, फेविकॉल, खडी, गवत असं सगळं चढतं आणि खालची बाजू कोरी राहते. मग दोन्ही बाजू सारखा ओलावा घेत नाहीत, आणि मरीनसुद्धा वाकतो. उपाय सोपा आहे. कोरड्या दिवसांत, रूळ टाकण्याआधी, वर, खाली आणि चारही कडांना प्रायमरचे दोन हात द्या. कडा विसरू नका, ओलावा सगळ्यात जास्त तिथूनच शिरतो. कोकणातलं घर असेल किंवा भिंतीला ओल येत असेल तर बीडब्ल्यूआर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. कोरड्या खोलीत एमआर चालतो.

एमडीएफ गुळगुळीत असतो हे खरं. इमारती आणि फलाट कापायला मी तोच वापरतो. पण बेसबोर्डला नको. तो प्लायपेक्षा जड असतो, भाराखाली कालांतराने झोल पडतो, कडेत स्क्रू घातला की फाटतो, आणि कड एकदा ओली झाली की फुगलेली परत बसत नाही.

"सांधा नको" या आग्रहामागची भीती मला समजते, सांध्यावर गाडी घसरते असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण आठ बाय चारचा तक्ता जिन्यात वळत नाही, लिफ्टमध्ये मावत नाही, आणि भिंतीला लावला की पलीकडच्या कडेला हात पोचत नाही. घसरलेली गाडी उचलायला सव्वादोन-अडीच फुटांच्या पुढे वाकणं कठीण जातं. दोन बोर्डांच्या टोकाच्या पट्ट्या एकत्र आवळून, दोन्हींतून एकदमच भोकं पाडा आणि ८ मिमीचे बोल्ट घाला. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू बसवून त्यांच्या डोक्यांवर रूळ डाखा (सोल्डर करा) आणि मगच रूळ कापा. असा सांधा कितीही वेळा उघडला तरी रूळ जागेवर येतात.

राहिला बाजार. हरियाणातलं यमुनानगर आणि केरळातलं पेरुंबवूर ही प्लायची मोठी केंद्रं आहेत. तिथला माल पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटपर्यंत सहज येतो. वाईट प्लायही भरपूर येतो, म्हणून पारखून घ्यावा लागतो. शीटवर आयएसआयचा ठसा आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक शोधा. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. शीट सपाट फरशीवर ठेवून कोपरे दाबून बघा. कडेने थर न्याहाळा. मधे फट दिसली तर ती शीट परत ठेवा, कारण नेमक्या तिथेच तुमचा स्क्रू जाणार असतो. बोटाच्या पेराने ठोकत जा, पोकळ आवाज लगेच कळतो. घरी आणल्यावर भिंतीला टेकवून ठेवू नका, आठवडाभर आडवी ठेवा. असा माल कोपऱ्यावर मिळत असताना छोट्या रेल्वेतली सगळ्यात अवजड वस्तू परदेशातून मागवायचं काहीच कारण नाही. अचूक कापून हवं असेल तर आता शहरांत सीएनसीवाले (संगणकावर चालणाऱ्या कापाई यंत्रांचे दुकानदार) नकाशा दिला की कापून देतात.

मुलाच्या वडिलांना मी कागदावर एवढंच लिहून दिलं. ९ मिमीची एकच शीट. अर्ध्या शीटचे चार बाय दोनचे दोन तक्ते. उरलेल्या अर्ध्या भागाच्या ७५ मिमीच्या पट्ट्या दुकानातच मशीनवर कापून घ्यायच्या, हाताच्या करवतीने सरळ निघत नाहीत. करवतीची जाडी सोडून १५ निघतात. एका बोर्डाला चार लागतात: दोन लांबीला, दोन अर्ध्या करून आडव्या. कोपऱ्यात पाइनचे ठोकळे, कारण प्लायच्या कडेत थेट स्क्रू धरत नाही. फेविकॉल, प्रत्येक कोपऱ्याला गुण्या, आणि रात्रभर सपाट जमिनीवर. दोन्ही बोर्ड झाल्यावर सात पट्ट्या उरतात, त्या पायांच्या तिरप्या आधारांना.