कागद की मोबाइल : निकाल लागेपर्यंत काही वाचू नका

"काय वाचून राहिला गा, बापू?" असं कोणी विचारलंच, तर पुस्तकाचं नाव सांगायची घाई करू नका. आधी वाद काढा : हातातलं पुस्तक बरं की मोबाइलातलं? पानठेल्यावर हा विषय एकदा पेटला की दोन्हीकडची माणसं दिवेलागणीपर्यंत हलत नाहीत, आणि वाचायची पाळी कोणावरच येत नाही. फक्त आपली बाजू नीट सांभाळता आली पाहिजे. त्याला थोडी तयारी लागते.

समजा, तुम्ही कागदाच्या बाजूचे. मग पुस्तकं कुलूपबंद हवीत. आलमारी लाकडी घ्या आणि मातीच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवा. चार-सहा इंच जागा सोडली तर मागून चढणारी उदईची, म्हणजे वाळवीची, मातीची नळी दिसते आणि झाडूच्या एका फटक्यात मोडता येते. तेवढी सोय कशाला ठेवायची? उदई मोठी घरंदाज. पुठ्ठा शाबूत ठेवून आतून खाते, त्यामुळे संग्रह बाहेरून वर्षानुवर्षं भरलेला दिसतो. कसरीचं वेगळं, तिला खळ आणि डिंक आवडतो, म्हणून ती बांधणीकडे वळते. महिन्यातून एकदा पुस्तकं काढून पानं फडफडवली की दोघींचाही संसार मोडतो. घरात तसं कोणी करत असेल तर थांबवा.

उन्हाळ्यात पारा ४५च्या वर गेला की पुस्तक कूलरच्या तोंडाशी ठेवा. ओल्या वाऱ्यानं कागद फुगतो, दुपारी लाईन गेली की तोच कागद खडखडीत वाळतो. असं आठवडाभर चाललं की पानांना लाटा येतात त्या कायमच्या. शिवलेली बांधणी यातही तग धरते, पण हल्लीची बरीच पुस्तकं नुसत्या गोंदावर उभी असतात. टिनाच्या छपराखाली दोन-तीन उन्हाळे काढले की गोंद कडक होऊन तडकतो आणि पानं सुटी होतात. पुस्तक विकत घेताना कण्याच्या वरच्या टोकाकडे पाहिलं तर दुमडलेल्या पानांचे गठ्ठे (फर्मे) दिसतात की सुटी पानं, हे तिथंच कळतं. पाहू नका, वर लिहिलेली किंमत पाहा. पावसाळ्यात तीच पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून टाका. ओल आत कोंडली जाते, बुरशीला घर शोधत फिरावं लागत नाही.

मोबाइलवाल्यांचं काम हलकं आहे. ग्रुपवर आलेली पीडीएफ उघडा आणि फोन उभा धरा. हिशेब सांगतो : डेमी आकाराचं पान साडेपाच इंच रुंद, फोनचा पडदा पावणेतीनच्या आसपास. म्हणजे पान निम्मं, आणि १२ पॉइंटचा टाइप ६ पॉइंटचा. मग दोन बोटांनी ताणा, ओळ सरकवत सरकवत टोकाला न्या, पुढच्या ओळीसाठी परत या. तिसऱ्या-चौथ्या ओळीला आपण कुठं होतो तेच आठवत नाही, आणि ‘मोबाइलवर वाचणं जमत नाही बुवा’ म्हणायला मोकळे. फोन आडवा मात्र करायचा नाही. आडवा केला की पान रुंदीत पुरतं बसतं, अक्षर छापलेल्या पुस्तकाएवढं दिसतं, आणि तक्रारच संपते. ईपबच्या, म्हणजे पडद्यावर वाचायलाच बनवलेल्या पुस्तकाच्या फायलीच्या, वाटेला तर जाऊच नका. त्यात अक्षर हवं तेवढं वाढवता येतं, ओळी आपोआप नव्यानं जुळतात, आणि दोनशे पानांचा निव्वळ मजकूर एक-दोन एमबीत मावतो. मग रोजचा दीड जीबी संपवायचा कशावर?

जुन्या फॉन्टात टाइप केलेला लेख पाठवायचा असेल तर युनिकोडमध्ये न बदलता तसाच चिकटवा. समोरच्याच्या फोनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी उतरते. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत लिहून बाहेरच्यांपासून राखल्या. विसाव्या शतकात ती लिपी उलगडेस्तोवर पंथाबाहेर त्या वाचता येत नव्हत्या. त्यांना त्यासाठी आख्खी लिपी घडवावी लागली. आपलं काम एका फॉन्टात होतं.

वादात वजन पडावं म्हणून संशोधन लागतंच. २०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर बरा समजतो, घाईत वाचताना फरक वाढतो, असं त्यात दिसलं. नुसत्या गोष्टी-कथांत मात्र तसा फरक आढळला नाही. तुम्ही ज्या बाजूचे असाल त्या बाजूचं अर्धं वाक्य उचला. कापसाच्या फवारणीचं पत्रक कागदावर नीट वाचावं आणि कादंबरी रात्री ओलिताला गेल्यावर लाईनीची वाट पाहत फोनवर वाचावी, असला निकाल कोणी काढू लागला तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

राहिलं गावातलं वाचनालय. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानं मान्यता मिळालेलं, ‘ड’ म्हणजे शेवटच्या वर्गातलं, एका खोलीचं. टेबलावर पेपर, भिंतीशी लोखंडी आलमारी. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते. आधीच्या वाचकानं पुस्तक कधी नेलं ते तिच्यावर कळतं, म्हणून तिच्याकडे न पाहिलेलं बरं. किल्ली ग्रंथपालाकडे. ती मागायला जायचंच झालं तर तूर सोंगणीच्या दिवसांत जा, तो वावरात असतो. घरचे म्हणतील, "भाऊ, उद्या या." उद्या मात्र जाऊ नका. आलमारी उघडी सापडायची.