नवतप्याचा निरोप आणि त्यातली गफलत

मे महिना अर्धा सरला की वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंत गावागावांच्या ग्रुपवर एकच निरोप फिरू लागतो. ‘25 तारखेपासून नवतपा. सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतोय, पारा 55 वर जाणार. गाडीची टाकी फुल भरू नका. नवतपा जितका तापेल तितका पाऊस जोरदार.’ खाली हात जोडलेले. नवतपा म्हणजे 25 मेपासूनचे, वर्षातले सर्वांत तापणारे मानले जाणारे नऊ दिवस. पाठवणारा काळजीपोटीच पाठवतो, पण निरोपातलं बहुतेक सगळं चूक आहे.

पहिलं अंतराचं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर. तेव्हा आपण शेकोटीभोवती बसलेलो असतो. सर्वांत दूर जाते जुलैच्या सुरुवातीला, 15.2 कोटींवर. म्हणजे नवतप्यात आपण सूर्यापासून लांबच चाललेलो असतो. मग एवढं तापतं कशानं? सूर्य डोक्यावर येतो म्हणून. 20 मेच्या आसपास चंद्रपुरात आणि 26 च्या आसपास नागपुरात भर दुपारी उभ्या खांबाची सावली बुडाशीच गोळा होते. किरणं सरळ पडतात, दिवस मोठा असतो, समुद्र लांब, वायव्येकडून येणारा वारा कोरडा. शिवाय हवा थेट उन्हानं फारशी तापत नाही. आधी जमीन तापते आणि ती हवेला तापवते. मे महिन्यात वखरून मोकळं पडलेलं काळं रान म्हणजे तवाच. मातीत ओल असती तर बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडली असती. जुलैच्या मध्यावर सूर्य पुन्हा नागपूरच्या डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग आणि ओली जमीन आडवी येते. ते ऊन कोणाच्या लक्षातही राहत नाही.

55 चं म्हणाल तर देशातला अधिकृत उच्चांक 51 अंशांचा आहे, राजस्थानातल्या फलोदीचा, 19 मे 2016 चा. 2024 च्या नवतप्यात नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 दाखवले आणि देशभर बातमी झाली. सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्यानं केला, तो मात्र कोणी फॉरवर्ड केला नाही. खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण छातीइतक्या उंचीवर असतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा त्या गाडीचा, गावाचा नाही. अर्थात 45 सुद्धा माणूस मारायला पुरेसे आहेत. त्यासाठी 55 ची भीती घालायची गरज नाही.

टाकीचं लवकर आटोपतो. पेट्रोल आपोआप पेटायला 200 अंशांहून जास्त तापमान लागतं. कंपनीनं ठरवून दिलेल्या पातळीपर्यंत खुशाल भरा.

खरा घोळ निरोपातल्या शेवटच्या, पावसाच्या वाक्यात आहे, कारण त्याच्या भरवशावर पैसा मातीत जातो. जमीन तापल्यानं मोसमी वाऱ्यांना मदत होते, एवढं खरं. पण पावसाळ्याचं गणित हिंदी महासागर, एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं) आणि बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे मिळून ठरवतात. विदर्भातले नऊ दिवस ते ठरवू शकत नाहीत. 2015 आठवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या तेलंगण-आंध्रात उष्णतेच्या लाटेनं हजारांवर बळी घेतले. नवतपा याहून काय तापणार? त्या वर्षी एल निनो होता आणि देशाचा पाऊस सरासरीपेक्षा 14 टक्के कमी पडला.

तरी पारावर ‘यंदा नवतपा मस्त तापला’ असं एकानं म्हटलं की गावाचं वातावरणच बदलतं. धुऱ्यापलीकडच्यानं सरकी टोबली म्हणून आपणही पावसाआधीच कोरड्या मातीत धूळपेरणी करतो. मृगाची एक सर येते, कोंब वर येतात, मग पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाण्याच्या दुकानात उधारी मागावी लागते. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल मुरल्यावरच पेरा. तो निरोप ग्रुपवर टाकला तर दोन अंगठे येतात.