अक्षरी रुपये फक्त

महिनाअखेर जवळ आली की पगारदार माणसं बँकेच्या मेसेजची वाट बघतात. मी फ्रीलान्सर. मला आधी बिल करावं लागतं, मग ते पाठवावं लागतं, आणि मग आठवड्याने, घसा खाकरत, "मिळालं ना?" असं विचारावं लागतं. आमच्या घरात पैसे मागणं म्हणजे पंगतीत शेजारच्या पानातली जिलबी मागण्यासारखं. भले ते पैसे आपले का असेनात. बाबांनी १९८९ साली शेजारच्या काकांना उसने दिलेले दोनशे रुपये अजून विषय निघायची वाट बघतायत.

पूर्वी मी वर्डमध्ये गेल्या महिन्याचं बिल उघडायचो, तारीख बदलायचो, तास बदलायचो, 'सेव्ह अॅज' करायचो. चाळीस मिनिटांचं काम. एका फेब्रुवारीत घाईत चुकीची फाइल जोडली गेली आणि पुण्याच्या कंपनीचं बिल बंगळुरूला जाऊन पडलं. तिथून अत्यंत नम्र उत्तर आलं, की हे आमचं दिसत नाही, पण यांचा दर आमच्याहून कमी कसा?

त्याच दिवशी ठरवलं, बिल या प्रकाराला माणसाचा हात लागता कामा नये. महिन्याला चाळीस मिनिटं वाचवण्यासाठी मी चार शनिवार-रविवार घालून बिलं करणारा प्रोग्रॅम लिहिला. प्रोग्रॅमर मंडळींना यात काही विशेष वाटणार नाही.

एक कॉन्फिग फाइल केली, म्हणजे प्रोग्रॅमने वाचायच्या माहितीची, यामल नावाच्या पद्धतीत लिहिलेली. तिच्यात प्रत्येक क्लायंटचा पत्ता, जीएसटी नंबर, तासाचा दर, पैसे द्यायची मुदत. यामलमध्ये ओळी आत सरकवायला स्पेसच लागतात, टॅब चालत नाही. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरासारखं. एका टॅबचा स्पर्श झाला की सगळा स्वयंपाक बाटला. क्लायंट सापडला नाही तर यादीतलं पहिलं नाव घे, असंही प्रोग्रॅमला सांगून ठेवलं. चाचणीपुरतं पहिलं नाव माझंच टाकलं होतं.

कर मोजायचा भाग तर मी फार प्रेमाने लिहिला. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. समोरचाही २७ असेल तर ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा), नसेल तर १८ टक्के आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा). हे माझा प्रोग्रॅम आपलं आपण ओळखतो. बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"म्हणजे दोन्हीकडे अठराच ना?" ती म्हणाली, आणि कुकर बंद करायला गेली.

सगळ्यात जास्त वेळ मात्र गेला तो आठवणीच्या मेलचा मजकूर लिहिण्यात. मुदत उलटली की दुसऱ्या दिवशी हा मेल आपोआप जाणार होता. मला तोंड उघडायला नको. दोन तास खर्चून मी लिहिलं, 'आपण कामात असाल याची कल्पना आहे. फारशी गैरसोय होणार नसेल, तर सवडीने कधीतरी खालील बिलाकडे नजर टाकता आली तर बरं होईल. घाई नाही.'

तास मोजायला टायमर. काम सुरू करताना एक कमांड, थांबवताना दुसरी. दुसरी मी विसरतो. एकदा टायमर चालू ठेवून मंडईत गेलो आणि क्लायंटच्या खर्चाने अर्धा किलो गवार निवडून घेतली. ती नंतर प्रामाणिकपणे वजा केली. कधी सुरू करायलाच विसरायचो. मग त्या दिवसाचे तास फाइलमध्ये हाताने लिहायचे. असेच एका मंगळवारी मी लिहिले, ७:३०. साडेसात तास. सरळ हिशोब.

एक तारखेला सकाळी ९ वाजता प्रोग्रॅमने बिलं केली, पीडीएफ बनवली, पाठवून दिली. मी झोपलो होतो. हेच तर स्वप्न होतं. सव्वादहाला अकाउंट्समधल्या ताईंचा फोन.

"सर, मंगळवारी तुम्ही साडेचारशे तास काम केलंय का?"

फाइल उघडली. त्या एका दिवसाचे, तासाला १,२०० प्रमाणे, ५ लाख ४० हजार. वर १८ टक्के. खाली माझ्याच प्रोग्रॅमने सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'अक्षरी रुपये सहा लाख सदतीस हजार दोनशे फक्त.' त्या 'फक्त'कडे मी बराच वेळ बघत बसलो.

झालं होतं असं, की यामलच्या जुन्या, १.१ आवृत्तीत असा मधे विसर्ग दिलेला आकडा साठच्या पटीत वाचतात. ७:३० म्हणजे सात गुणिले साठ अधिक तीस, म्हणजे ४५०. २००९ च्या १.२ आवृत्तीत हे काढून टाकलं, पण यामल वाचायला मी वापरलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, जुन्या रिवाजाची. पंचांगवाल्यांना हे लगेच पटलं असतं. सात घटका तीस पळं म्हणजे साडेचारशे पळंच की! मजा म्हणजे पुढच्या गुरुवारी मी ०७:३० लिहिलं होतं, आणि पुढे शून्य असल्यामुळे ते सुखरूप राहिलं. शाळेत बाई म्हणायच्या, पुढच्या शून्याला किंमत नसते. बाईंना त्या शून्याची किंमत सव्वासहा लाखांच्या वर आहे हे कळवायला हवं.

"ते बिल फाडून टाका ना," मी म्हणालो.

"असं कसं सर? क्रेडिट नोट द्या." म्हणजे चुकून जास्त लावलेली रक्कम परत वजा करणारा कागद. बरोबरच होतं त्यांचं. बिलाचे नंबर वर्षभर सलग लागतात, मधला एक गुपचूप गिळता येत नाही. माझ्या प्रोग्रॅमला क्रेडिट नोट हा प्रकार माहीतच नव्हता. मी वर्ड उघडलं. 'सेव्ह अॅज' केलं.

पुढच्या एक तारखेला सगळं सुरळीत गेलं. तास बरोबर, कर बरोबर. फक्त माझ्या इनबॉक्सात एक जास्तीचं बिल येऊन पडलं होतं. माझ्याकडून मला. क्रेडिट नोटा शिकवण्यात आणि दुरुस्त्या करण्यात घालवलेले ४६ तास टायमरने इमानेइतबारे मोजले होते. त्यांना क्लायंट सापडेना, म्हणून यादीतलं पहिलं नाव. ५५,२०० अधिक कर, एकूण ६५,१३६. दोन्हीकडे २७ म्हणून सीजीएसटी आणि एसजीएसटी अचूक, निम्मे निम्मे. मुदत १५ दिवस.

हसून सोडून दिलं. सोळाव्या दिवशी मेल आला. 'आपण कामात असाल याची कल्पना आहे. फारशी गैरसोय होणार नसेल, तर सवडीने कधीतरी...'

मी खरंच कामात होतो. आणि घाई नाही असं समोरचाच म्हणत होता. मेल न वाचलेला करून ठेवला आणि चहा टाकला.